मेंदूसाठी स्वागत कमान

अमरावती, ता. ९ फेब्रुवारी

ती. वामनमामाजींना गीतांजलीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मालिशवाला येतो का अजून? इकडे आई, बाबा, मांजर सगळे ठणठणीत. फक्त माझं डोकं फिरलंय, आणि डोक्याच्याच विषयात पीएच.डी. केलेल्या बाईचं डोकं फिरलं तर तिनं कुठं जावं हे कोणी सांगत नाही, म्हणून तुम्हाला पत्र. (फोनवर बोलले असते तर सगळ्या गल्लीनं ऐकलं असतं.)

आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक मोठा फ्रीजर, हे तुम्ही पाहिलंच आहे. माणसं हळूहळू सगळं विसरत जातात त्या आजाराचं मूळ शोधायला लोकांनी मरणोत्तर दिलेले अकरा मेंदू त्यात आहेत. त्यातला एक आपल्या वच्छलामामीचा. सरकारी मदत मार्चअखेर संपते. नवी आली नाही तर फ्रीजर बंद आणि मेंदूंची ‘नियमानुसार विल्हेवाट’. हे शब्द वाचल्यावर मी तो सरकारी कागद टेबलावर असा आपटला की आमच्या प्रमुखांचा, श्याम सरांचा, चहा सांडला.

म्हणून अधिवेशनाआधी आमदारसाहेबांना गाठायचं आणि मेंदूच्या संशोधनासाठी तरतूद करा, असं सभागृहात मांडायला सांगायचं ठरलं. मी आणि श्याम सर (उंदरांशी तासन्‌तास बोलतात, माणसांसमोर घाम फुटतो) चौदा पानी निवेदन घेऊन दर्यापूरला त्यांच्या कार्यालयात गेलो. दारात त्यांचे स्वीय सहायक बंडूभाऊ. त्यांनी विचारलं, कोण तुम्ही? सर म्हणाले, शास्त्रज्ञ. झालं! बंडूभाऊ आत पळाले ते दोन शाली घेऊनच आले. मामाजी, आपल्याकडे शास्त्रज्ञ दिसला की त्याचं ऐकत नाहीत, त्याचा सत्कार करतात.

"कावून घाई करून राहिल्या मॅडम? फोटोवाला येऊन राहिला," असं म्हणत आम्हाला दोन तास बसवलं. तेवढ्यात शेजारच्या खेड्यातले कोणी नत्थुजी आले, साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाल्यावरचा पूल नाही झाला तं मी इथून उठत नाही, सायेब!" आणि पाच मिनिटांत साहेबांनी इंजिनिअरला फोन लावला. हे डोळ्यांनी पाहूनही आम्ही दोघे उच्चशिक्षित हात जोडून बसलेलोच!

मग शाल, गुच्छ, पेढे, भाषण. निवेदन फोटोत आडवं येत होतं, म्हणून बंडूभाऊंनी ते काढून पेढ्यांच्या खोक्याखाली ठेवलं. साहेब म्हणाले, "आमच्या निधीत संशोधन बसत नाही मॅडम, कमान बसते. तुमच्या केंद्राले मस्त स्वागत कमान देतो." दोन खोल्यांना कमान! मार्चनंतर तिच्याखालून जायचं कुणी, कुलूप लावणाऱ्यानं? ज्याला मेंदू आणि कमान यांतला फरक कळत नाही तो आमच्यासाठी कायदे करणार! संताप संताप झाला माझा. आम्हाला तोंड उघडायची संधीच दिली नाही त्यांनी, मामाजी.

रागात काही जास्त लिहिलं असं वाटलं, तर कमीच लिहिलं आहे असं समजा.

तुमची भाची,
गीतांजली

ता. क. : साहेब बुधवारी पुन्हा दर्यापूरला आहेत. बार्शीटाकळीहून सकाळच्या गाडीनं याल का? तुम्ही सोबत हवे आहात. गुडघ्याला जपून या, पण या. शाल पुढे केली तर घेऊ नका.

ता. क. दुसरा : वर एक खोटं लिहिलं आहे. संधी दिली होती. सगळं झाल्यावर साहेबांनी हात जोडून विचारलं, "आनखीन काही असंल तं मोकळेपणानं सांगा, मॅडम." चौदा पानं मला तोंडपाठ. पण त्यांची शाल माझ्या अंगावर, त्यांचा पेढा माझ्या तोंडात, आणि मी म्हणाले, "काही नाही साहेब, आपले आशीर्वाद असू द्या." श्याम सरांनीही मान डोलावली. अमरावतीपर्यंत बसमध्ये आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मामाजी, मामी गेल्यावर तासाभरात मी तुमच्याकडे तिचा मेंदू मागितला, तेव्हा माझी जीभ अडखळली नव्हती. तो सांभाळायला मदत मागताना अडखळली.