माझे अधिकारीपद काढून घेऊन मला नळ देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी (तूर्तास अधिकार नसलेले),
पाणीपुरवठा कार्यालय, पहिला मजला.

विषय: संगणकाच्या चुकीने मला मिळालेले आपले पद परत घेऊन नळजोडणी देणेबाबत.
संदर्भ: माझा चार महिन्यांपूर्वीचा ऑनलाइन अर्ज.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी शिंपी असून तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात नळ नाही. खालून बादल्या वाहून आमच्या सौ.चे गुडघे पार कामातून गेले आहेत.

१. अर्जात "कारण सविस्तर लिहावे" असा रकाना होता. आपल्या कारकूनबाई थोडक्यात लिहिलेले अर्ज परत पाठवतात, म्हणून मी कंबर कसून लिहिले. सौ. सांगत होती, मी टाइप करत होतो. शेवटचे वाक्य तिचेच होते: "आता तरी लाज वाटू द्या." ते कार्यालयाला उद्देशून होते की मला, हे अद्याप स्पष्ट झालेले नाही.

२. रकान्यात जागा दोनशे अक्षरांची होती, मी हजारभर लिहिली. आपल्या संगणकतज्ज्ञ बाई म्हणाल्या की, संगणकाने अक्षरे मोजलीच नाहीत आणि उरलेला मजकूर शेजारच्या जागांत लिहून टाकला. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. बादली भरली तरी नळ चालूच राहिला, असे त्यांनी समजावले. आमच्याकडे नळच नसल्याने मला समजायला वेळ लागला.

३. सौ.चे शेवटचे वाक्य पडले ती जागा नेमकी "पदनामा"ची निघाली. सामान्य नागरिकाची ती रिकामी असते. या सोमवारी माझा अर्ज अखेर उघडला गेला आणि माझी भरलेली दिसताच संगणकाने मला मुख्य अधिकारी केले व आपणांस वगळले. तेव्हापासून प्रत्येक आदेशाखाली पदनाम म्हणून सौ.चे वरील वाक्य छापून येत आहे. लोकांची मापे घेता घेता मी एक्केचाळीस नळ मंजूर केले, क्षमस्व. पण अधिकाऱ्याने स्वतःचा अर्ज मंजूर करू नये असा नियम असल्याने माझा अर्ज माझ्याकडेच पडून आहे. घरात साहेब असून पाणी नाही, म्हणून सौ.ने माझ्याशी बोलणे टाकले आहे.

४. संगणकातले हे भोक तातडीने बुजवावे. बातमी फुटली असून आमच्या घरमालकीणबाई कालपासून फार सविस्तर लिहीत बसल्या आहेत. त्या अधिकारी झाल्या तर आपले दोघांचेही काही खरे नाही.

५. दुरुस्तीला मुख्य अधिकाऱ्याची, म्हणजे माझीच, परवानगी लागते. ती आजच देणार होतो. पण सौ.ने अबोला मोडून बजावले, की आधी पाणी, मग परवानगी. कागदोपत्री मी साहेब असलो तरी प्लंबर आजही आपलाच शब्द ऐकतो. त्यास धाडावे, घरात पाणी येताक्षणी मी पद सोडतो.

६. काल आपण रजेसाठी स्वतः दुकानात आलात, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लेकीच्या लग्नात बाप हवाच. त्यात अट कसली घालायची? रजा मंजूर केली आहे. ती उद्यापासून सुरू होते, म्हणून प्लंबर कृपया आजच पाठवावा.

आपला नम्र, आणि नाइलाजाने आपला वरिष्ठ,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी
गुरुवार, सकाळ

सोबत:
१. आपल्या मंजूर रजेची प्रत.
२. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे (तिने जोडायला लावले).