खातरजमा करणाऱ्याची सही

तीर्थस्वरूप ताई,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग उरलेल्या तुला नमस्कार. गुडघ्यांना पहिला मान, कारण सायकलवर बसण्याआधी पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून बघायचं, हे मला तूच शिकवलंस. (त्यापायीच गुडघे गेले असं डॉक्टर म्हणाले, तर माझं नाव सांगू नकोस.) माझी तब्येत ठणठणीत आहे. सायकलचीही. ती सात महिने जिन्याखाली उभी आहे आणि मी जिन्याच्या वर, एवढंच.

तुला ठाऊकच आहे, बत्तीस वर्षं मी कारखान्यात यंत्रं तपासली. तिथला नियम असा की तपासणारा एक, खातरजमा करणारा दुसरा, आणि आपल्या कामावर आपणच शिक्कामोर्तब करायचं नाही. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, मी हा नियम घेऊन आलो. सायकलची वही घातली, तीन रकान्यांची: तपासणाऱ्याची सही, खातरजमा करणाऱ्याची सही आणि शेरा. रोज सकाळी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चाक सरकता कामा नये. मग गुडघे, मग हँडल. मग मी सही करून वर यायचो आणि वही गॅलरीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत द्यायचो. तुझी भावजय बाहेर नीट बघून सही करायची (असं मी धरून चाललो होतो) आणि कुठून काय आणायचं ते सांगायची. शेऱ्याचा रकाना तिने कायम कोराच ठेवला.

ती गेल्यापासूनही तपासणी एक दिवस चुकलेली नाही. पण दुसरी सही नाही म्हणजे सायकल नियमाप्रमाणे नापास. मी ती परत जिन्याखाली लावतो आणि बाजारात पायी जातो. खरं सांगतो ताई, फार एकटं वाटतं. वही हातात धरून बंद खिडकीसमोर उभं राहायचं आणि माघारी फिरायचं, याची सवय काही होत नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या शिंप्याला गळ घातली. भला माणूस, मशीन थांबवून आला. ब्रेकचा गुटका आणि चाक यांतलं अंतर त्याने चक्क टेपने मोजलं आणि म्हणाला, थोडा सैल ठेवू, पुढेमागे उपयोगी पडेल. शिवणीत ठेवतात तशी माया ब्रेकमध्ये ठेवत नाहीत हे पटवण्यात अर्धा तास गेला. मग हँडलची पाळी. मी चाक गुडघ्यांत धरलं आणि त्याला पिळायला सांगितलं. त्याने कापडाचं पाणी काढावं तसं ते पिळलं. हँडल जागचं हललं नाही, मी हललो, आणि सायकलसकट त्याच्या इस्त्रीच्या कपड्यांत जाऊन बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी डोकावून सायकलला लागलं का असं विचारलं. कपडे झटकत शिंपी म्हणाला, "सगळं जागेवर आहे हो. पण तुम्हाला जायचंय कुठे?"

उत्तराऐवजी मी वही पुढे केली, तर म्हणाला, ज्यातलं मला कळत नाही त्याखाली मी सही करत नाही. एवढा तत्त्वाचा माणूस कारखान्यातही भेटला नव्हता, त्यामुळे मला रागही येईना.

असो. माझी काळजी करू नकोस. मला कशाची गरज नाही. तू त्या गुडघ्यांनी इकडे यायचा विचारसुद्धा करू नकोस.

तुझा धाकटा

ता.क. १: आलीस तर महिनाभर तरी राहा. खिडकीशी खुर्ची ठेवली आहे, वाकावं लागणार नाही. बसल्या जागी सही करायची, बस्स.

ता.क. २: पाकीट चिकटवणार होतो, थांबलो. जुनी वही आज सकाळी संपली म्हणून स्वयंपाकघराच्या खणातून तिने आणून ठेवलेली नवी काढली. ताई, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दुसऱ्या रकान्यात तिच्या सह्या आहेत. बत्तीस वर्षांत इतका ढळढळीत गैरप्रकार माझ्या पाहण्यात नाही. तपासणीच्या आधीच खातरजमा! म्हणजे खिडकीतून ती कधी बघतही नसणार. पहिल्या ओळीत शेराही आहे: "निघा आता." आणि त्याखाली, शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक ओळीत "वरीलप्रमाणे".

ओट्याला टेकून बराच वेळ रडलो. मधेच हसूही आलं.

मग ब्रेक बघितले, हँडल बघितलं आणि पहिल्या ओळीत तिच्या सहीशेजारी माझी सही केली. हे पत्र पेटीत टाकायला सायकलवरूनच निघतो आहे. शिंप्याला आता सांगता येईल कुठे जायचंय ते. पण बाकीच्या ओळी मी रोज एक अशा संपवून टाकणार नाही, त्या पुरवून वापरायच्या आहेत. म्हणून रोजच्या सहीला, वेगळ्या वहीत, तू ये.