खिडकीजवळचं टेबल आणि चार पेनड्राइव्ह

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र आता नीट बसतं का, की अजून शिट्ट्या मारतं? (फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला "बरं झालं" म्हणतेस. गेल्या खेपेला मी तुला दाढ काढल्याचं सांगत होतो. म्हणून पत्र.) तुझ्या आठवणींचं लिखाण माझ्याकडे सुखरूप आहे, त्याची काळजी नको. भाषा काय ओघवती आहे गं! एकुलती एक प्रत म्हणून तू तो पेनड्राइव्ह तपासायला माझ्या हातात ठेवलास, तेव्हाच मला माझी जबाबदारी कळली होती. सहज विचारतो, ज्या वह्यांवरून तू ते सगळं टाइप करून घेतलंस, त्या वह्या आहेत ना अजून? रद्दीत घालू नकोस हो. जुन्या वह्या असाव्यात घरात. असो, ते नंतर.

इकडे आमचा संसार थोडक्यात वाचला. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ आमच्याकडे एकच धड टेबल आहे, हे तू पाहिलंयस. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी संपल्यापासून मी घरी बसून पुस्तकांच्या शेवटी छापायच्या सूच्या करतो, आणि त्यासाठी लागणारा कॉम्प्युटर त्या टेबलावर विराजमान आहे. हिचं शिवणयंत्र तेव्हापासून जमिनीवर. ही खाली बसून, कंबरेत वाकून, हाताने चाक फिरवत शिवते आणि उठताना भिंतीला धरून माझ्याकडे बघते.   आणि माझा कॉम्प्युटर असा, की सकाळी बटण दाबून मी दाढी करतो, आंघोळ करतो, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि बाहेर येतो तेव्हा पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे. एके दिवशी मी त्या चक्राकडे बघत हातावर हात ठेवून बसलेला तिला दिसलो आणि तिचा बांध फुटला. तिने सरळ पैजच लावली. रविवारी सकाळी दहा वाजता तुम्ही बटण दाबायचं आणि मी कापडाला कात्री लावायची. माझा उशीचा अभ्रा शिवून व्हायच्या आत तुमच्या ह्या डबड्यावर एक ओळ टाइप झाली तर टेबल तुमचं. नाही झाली तर टेबल माझं, आणि तुम्ही मांडी घालून जमिनीवर.

अक्का, माझी पाचावर धारण बसली. माझ्या गुडघ्यांची आणि जमिनीची ओळख सुटून सहा वर्षं झाली. तिचा अभ्रा पंचवीस मिनिटांत होतो, हे मी लग्नापासून बघत आलोय. म्हणून मी धावलो सर्वज्ञाकडे. (छापखान्यातला माझा जुना सोबती. त्याला जगातल्या सगळ्या विषयांतलं कळतं, फक्त त्याच्या घरातला नळ त्याला अजून दुरुस्त करता आलेला नाही.) तो म्हणाला, मेमरीची पट्टी वगैरे बसवून घ्यायच्या फंदात पडूच नकोस, कॉम्प्युटरला एक पेनड्राइव्ह खुपस. पडद्यावर एक खिडकी उघडते, तिच्यात वेग वाढवायला हा वापरू का अशा अर्थाची ओळ असते, तिथे हो म्हणायचं, की कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हलाच आपली जादा मेमरी समजतो. मी मनात हिशेब केला, एकाने वेग वाढतो तर चारांनी चौपट! कॉम्प्युटरला खाचा चार होत्याच, दोन पुढे, दोन मागे. पेनड्राइव्ह जमवले. एक माझा, एक प्रकाशकाने दिलेला, एक हिची भाची विसरून गेली तो, आणि चौथा असाच, डब्यात पडलेला. चौथा भरलेला निघाला, तेव्हा त्यात जागा करून घेतली. माझी छापखान्यातली सवय तुला माहीत आहेच, मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवतो, 'तपासायचे' किंवा 'तपासून झाले'. (हिने एकदा माझ्या चष्म्याच्या डबीवर 'तपासायचे' डकवलं होतं.) आणि 'तपासून झाले' अशी चिठ्ठी दिसली की ते मुद्रित रद्दीच्या टोपलीत, तिथे दुसरा विचार करायचा नाही, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. तर चौथ्यावर तशी चिठ्ठी होती.

रविवार उजाडला. दहाच्या ठोक्याला तिने कात्री चालवली आणि मी बटण दाबलं. चारही पेनड्राइव्हचे दिवे लुकलुकले, मला अगदी भरून आलं. आणि मग पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली, आणि ती काही केल्या हलेना. अक्का, आता माझी अक्कल बघ. त्या ओळीचा अर्थ लावायचा सोडून मी तिच्यात शेवटी पूर्णविराम नाही, हे शोधत बसलो. चाळीस वर्षांची खोड! ओळ म्हणत होती की चालू होण्यासारखं इथे काही सापडत नाही, हे काढा आणि कळ दाबा. मी काहीच काढलं नाही, कारण काढायचे कसे? तेच तर माझे चार भालदार चोपदार! इकडे यंत्राची कटकट चालू. तिने अभ्रा शिवला, उलटवला, बंद लावले, उशीला चढवला, ती उशी माझ्या पाठीमागे खुर्चीत ठेवली आणि म्हणाली, "टेका आता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मीही काही कच्चा नाही. मुद्दा काढला की पैज वेगाची होती, कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तेव्हा वेग मोजलाच गेला नाही, सबब पैज रद्द. ती हसली, आणि पुढचा रविवार देते म्हणाली. (ती हसली की मला जास्त भीती वाटते.) मग मात्र मी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. बाई पन्नाशीच्या, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायच्या, बोलतात कमी आणि फुंकर जोरात मारतात. त्यांनी झाकण उघडून एक फुंकर मारली, आणि माझ्या आजवरच्या सगळ्या सूच्यांवर बसेल इतकी धूळ उडाली. मग चारी पेनड्राइव्हकडे बघून त्या म्हणाल्या, काका, तुमचा कॉम्प्युटर ह्यांच्यातच सुरू व्हायचं सामान शोधत बसला होता. शिवाय ह्यांची मदत झालीच तर कॉम्प्युटर सुरू झाल्यावर होणार, तुमची शर्यत तर त्याच्या आधीच संपते. पुढे त्यांनी समजावलं की मेमरी म्हणजे कामाचं टेबल आणि आतली डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असलं की दर मिनिटाला उठून कपाटाकडे जावं लागतं. पेनड्राइव्ह लावणं म्हणजे टेबलाशेजारी एक डुगडुगतं स्टूल ठेवणं, त्याने काही थोडं होईल, पण टेबल ते टेबल. ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बाई, हेच मी सहा वर्षं सांगतेय. फक्त माझ्या यंत्राबद्दल." बाईंनी मेमरीची एक नवी पट्टी खटकन बसवली, आपोआप सुरू होणारी नाही नाही ती पाच-सहा खटली बंद केली आणि बटण दाबलं. अक्का, दाढीचा साबण फेसायच्या आत पडदा हजर!

दुसऱ्या रविवारी दुरुस्तीवाल्या बाई पंच म्हणून बसल्या. मी पहिली ओळ टाइप केली तेव्हा हिचं अजून शिवणच चाललं होतं. (तिचा दोराही दोनदा तुटला. नशीब लागतं.) तर टेबल माझंच राहिलं. तिने यंत्र जमिनीवरच पुन्हा कोपऱ्यात सरकवलं. मी जिंकलो, आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाकी सर्व ठीक. हे पत्र पाकिटात घालायला आणि पत्ता लिहायला नेहमीप्रमाणे हिच्याकडे देतो आहे, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून. भाऊजींना नमस्कार, आणि तुझा लोभ आहे तसाच राहू दे. (पुढचं वाचल्यावरही.)

तुझा धाकटा

ता. क. वह्यांचं विसरू नकोस. किती आहेत ते मोजून कळव.

पुन्हा ता. क. अक्का, बसून वाच. तो चौथा पेनड्राइव्ह तुझा होता. चिठ्ठी मीच लावली होती. आठ महिने झाले, एक पानही वाचलं नव्हतं. ही रोज विचारायची, अक्कांचं काम झालं का, म्हणून तिला दाखवायला 'तपासून झाले' डकवून टाकलं. आणि मग माझ्याच खोटेपणावर मी विश्वास ठेवला. सगळं पुसलं गेलं. सर्वज्ञाने परत आणायचा प्रयत्न केला, तेव्हापासून तो पेनड्राइव्ह उघडतही नाही. भाषा ओघवती असणारच, पण मी ती पाहिलेली नाही. तुझ्या पाया पडतो. वह्या पाठव, मी स्वतः टाइप करतो, एकूण एक अक्षर.

शेवटचं ता. क. हिला यातलं काही कळू देऊ नकोस.

अक्का, नमस्कार. मी लिहिते आहे. पाकिटात घालताना ह्यांची पत्रं मी बत्तीस वर्षं वाचते, हे ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका, तुमचं लिखाण आहे. मला ते वाचायचं होतं, पण ह्यांच्या कॉम्प्युटरवर ते उघडायला संध्याकाळ झाली असती, म्हणून मागेच मी तो पेनड्राइव्ह नेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळं कागदावर छापून आणलं. तीनदा वाचलं. तुमची शाळेची वही फाडून ह्यांनी पाण्यात होड्या सोडल्या आणि तुम्ही आईंना सांगितलं नाहीत, तिथे तिन्ही वेळा रडले. कागद शिवणयंत्राच्या पेटीत, कापडाखाली आहेत. तिथे हे कधी बघणार नाहीत.

आणि दोरा काही आपोआप तुटत नाही. पहिल्या रविवारी ह्यांचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून दुसऱ्या रविवारी मीच दोनदा तोडला. पण आता हे पत्र वाचलं. तुम्ही एक करा. चांगलं रागाचं उत्तर पाठवा, वह्या केव्हाच रद्दीत गेल्या म्हणून लिहा. मग मी ह्यांना कागद काढून देईन, आणि टाइप करायलाही बसवीन, एकूण एक अक्षर. जमिनीवर. यंत्र खिडकीशी ठेवायला मी टेबल आजच पुसून घेतलंय.