धन्याची मोहर

जेर्बेरदादा,

अक्षरं तू शिकवलीस, म्हणून तुलाच विचारतो. मी पाप केलं का?

सोमवारी निरोप्या आला. आपले धनी, काउंटसाहेब, दूरच्या लढाईत वारले. रीतीप्रमाणे त्यांची मोहर त्याच दिवशी सर्वांसमोर फोडायची असते, म्हणजे मेलेल्याच्या नावानं कुणी कागद करू नये. पण बाईसाहेबांनी निरोप्याला जेवायला बसवलं आणि मला आत बोलावलं.

"ओडो, लिही. आमच्या माहोची सोयरीक उगो सरदारांच्या मुलाशी ठरली. तारीख गेल्या महिन्याची घाल."

"पण बाईसाहेब..."

"गेल्या महिन्यात तिचा बाप जिवंत होता. आता पोरगी राजाच्या ताब्यात जाईल, आणि तो तिला कुणा म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधेल, मला बांधलं तसं. नऊ वर्षांची आहे रे! थांबलास का? फासावर मला चढवतील, कारकुनाला कोण विचारतंय!"

मी लिहिलं. त्यांनी स्वतः मेण ओतून मोहर उमटवली. मग दार उघडून हंबरडा फोडला. तो खरा की खोटा, मला अजून कळलेलं नाही.

उद्या राजाचा माणूस येणार. संताच्या अस्थींवर हात ठेवून, शपथेवर, मला त्या कागदाची तारीख सांगायची आहे. खरं बोललो तर माहो जाते, खोटं बोललो तर माझा आत्मा नरकात जातो. तुमचे मठाधिपती सगळी पत्रं उघडतात, म्हणून हे पाठवतही नाही.

आज सकाळी माहोनं विचारलं, "ओडो, बाबांना हे लग्न पसंत होतं ना?"

मी लगेच "हो" म्हणालो, दादा. शपथ कुणी घातलीच नव्हती.

तुझा गोंधळलेला भाऊ,
ओडो