दिवाणाची हवापालट

चिखलदरा,
वैशाख वद्य पंचमी, ता. ११ मे १९३६

चि. सौ. जमुना हिस बापाचे आशीर्वाद.

आम्ही दोघं चालतीबोलती आहोत, तुम्ही सर्व तशीच असाल असं धरून चालतो. रामरावजी व्याह्यांना आणि पार्बताबाई विहीणबाईंना माझा रामराम सांग. भगवंतराव जावईबापूंना आशीर्वाद. पत्र नेहमीप्रमाणे रामरावजीच मोठ्याने वाचून दाखवतील, तेव्हा अक्षराबद्दल त्यांनी सांभाळून घ्यावं. मांडीवर फळी घेऊन लिहितो आहे आणि फळीच्या दुसऱ्या टोकावर तुझा लाडका कुत्रा दिवाण हनुवटी टेकून बसला आहे. हटकलं की डोळे मिटून घेतो, उठत नाही.

चिखलदऱ्याचं नाव वाचून तुम्ही म्हणाल, वलगावच्या माळ्याला साहेबलोकांच्या थंड हवेशी काय करायचं आहे. मीही तेच म्हणत होतो. पण अखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या आईने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही आणि जेवणही नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि हवापालट करा म्हणाले. आपल्या गावचा सहदेव इथे एका साहेबाच्या बंगल्यावर माळी आहे. त्याने मागची खोली मोकळी करून दिली. संत्र्याची बाग तुझ्या काकाच्या, नत्थुजीच्या हवाली केली आणि निघालो.

निघताना पहिलं विघ्न. तुझी आई दिवाणाजवळ जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, "दिवाण, यायले सांग, तू येशीन तरच मी येतो." तुला सांगायला हरकत नाही, अखाजीपासून ती माझ्याशी बोलत नाही. जे काय असेल ते कुत्र्याला सांगते आणि मी बाजूला उभं राहून ऐकून घ्यायचं. चहा थंड होतो आहे, हेही मला कुत्र्याकडून कळतं. घरात तिघं आणि त्यात माझा नंबर तिसरा.

लॉरीवाला म्हणाला, कुत्रं टपावर. तुझी आई दिवाणाला म्हणाली, "चाल, आपण दोघंबी टपावर बसू." लॉरीत पंधरा माणसं, त्यात आपल्या ओळखीचे चार. मग दिवाण आत आला आणि परतवाड्यापर्यंत माझ्या मांडीवर बसला. घाट लागला तसा तो ओकला, तेही माझ्याच धोतरावर. बाजूच्या बाईच्या टोपलीत कोंबड्या होत्या. घाटाचं प्रत्येक वळण आलं की कोंबड्या ओरडत आणि दिवाण त्यांना उत्तर देई. वर पोचेपर्यंत माझं डोकं ढोलासारखं वाजत होतं.

इथे मला वाटलं होतं की कुत्र्याला कुठेही घेणार नाहीत, म्हणजे त्याला सहदेवाकडे बांधून आम्हाला सुखाने फिरता येईल. कसचं काय. इथे माणसापेक्षा कुत्र्यांचा मान मोठा. उन्हाळ्यात साहेबलोक येतात ते कुत्री घेऊन. प्रत्येक कुत्र्यामागे एक नोकर, गळ्यात पट्टा, अंगावर झूल. त्यामुळे रस्ता म्हणू नको, कॉफीची बाग म्हणू नको, किल्ला म्हणू नको, कुठेच कुत्र्याला मज्जाव नाही. गाविलगडाच्या दरवाज्यात मी मुद्दाम पहारेकऱ्याला विचारलं, "कुत्रं चालते का?" तो म्हणाला, "काहून नाई चालणार? पायानं चालू द्या, नाई त उचलून घ्या." शेवटचा अर्धा मैल मी उचलून घेतलं.

देवीच्या ठिकाणी खडकाच्या कपारीतून थंडगार पाणी ठिबकतं. आम्ही जोडे काढून, पाय धुऊन आत गेलो, तर दिवाण आमच्या आधीच देवीसमोर ओल्या फरशीवर पोट टेकून पसरलेला. मी हाकलायला गेलो तर पुजारी म्हणाला, राहू द्या, गरमीनं दमला असेल. पंचबोल म्हणून एक कडा आहे, तिथे एक हाक मारली की दरीतून पाच वेळा परत येते. दिवाण एकदा भुंकला. समोरून पाच कुत्री भुंकली. मग काय, पाऊण तास हा तिथून हलेना, पाचांना एकटा पुरा पडत होता. तुझी आई पदर तोंडाला लावून हसली. अखाजीनंतर पहिल्यांदा हसली. मीही हसलो, तशी ती गप्प झाली.

सहदेव सहज म्हणाला, साहेबांमुळे इथे कुत्र्याला कोणी अटकाव करत नाही. त्यावर ती दिवाणाला म्हणाली, "पाहून घे रे बाबू. इथं कुत्र्यालेबी कोणी पुसत नाई, बिनबोलावता काहून आला म्हणून."

अखाजीला तुला आणायला मुराळी पाठवणं जमलं नाही. विहिरीचं पाणी तळाला गेलं, मोटेच्या बैलांना उसंत नव्हती आणि नत्थुजीचा पायही मुरगळला होता. पाऊस लागला की बघू. रामरावजींनी गैरसमज करून घेऊ नये. तू सासूबाईंच्या आज्ञेत राहा.

इथे तिन्हीसांजेला बिबट्या उतरतो आणि त्याला कुत्रं फार आवडतं, असं सहदेव सांगतो. म्हणून दिवाण आमच्या खोलीत झोपतो, दाराशी तुझी आई आणि मी खिडकीखाली, जिथून वारा येतो. बाकी सर्व ठीक.

तुझा बाप,
खुशालराव


चिखलदरा,
वैशाख वद्य अष्टमी, ता. १४ मे १९३६

जमुना बाई,

हे पत्र टपालात टाकणार नाही. टपालात टाकलं की ते आधी रामराव फोडणार आणि ओसरीवर बसून वाचणार. तू चौथी पास आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, पण तुझं पत्र तुझ्या हातात पडत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. मी त्यावर कधी बोललो नाही. उलट त्या सोयीने पत्रं लिहीत आलो. आज लिहितो ते खिशात घालून स्वतः आणणार आहे आणि तुझ्या हातात देणार आहे. तोंडाने बोलायला लागलो तर मी पुन्हा पाण्याच्या आणि बैलांच्याच गोष्टी करीन, म्हणून कागद.

विहिरीला पाणी होतं. बैल आठ दिवस मोकळे उभे होते. नत्थुजीचा पाय मुरगळलेला नाही, तो तुझ्यासाठी डोक्याला पटका बांधून तयार बसला होता. मीच त्याला पटका सोडायला सांगितलं.

काल सहदेवाने आम्हाला भीमकुंडावर नेलं. कुत्रं पुढे, आम्ही मागे. उतरणीवर दिवाणाला वानरं दिसली आणि तो झाडीत घुसला. मी त्याला हाका मारत काट्यातून गेलो, धोतर फाटलं, एक जोडा दरीत गेला. मी त्याला धरून वर आणलं आणि त्याच्या मागच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुझ्या आईने त्याच्या पायातले काटे काढले. माझ्या पायात किती गेले, हे तिने दिवाणालाही विचारलं नाही. असा मी एका पायात जोडा घालून, चिडून, कुंडाजवळ खडकावर बसलो.

सहदेव तिथली कथा सांगू लागला. नावामुळे असेल, पण पांडवांची गोष्ट तो घरची असल्यासारखी सांगतो. इथे विराटाचं राज्य होतं, कीचकाने द्रौपदीवर हात टाकला, भीमाने त्याला मारून या दरीत लोटला आणि या कुंडात हात धुतले. तुझी आई इतके दिवस कुणाला काही विचारत नव्हती. तिने सहदेवाला सरळ विचारलं, "तिच्यावर हात टाकला तवा धर्मराज कुठी होता?"

सहदेव म्हणाला, "तिथंच होता ना काकू, सभेत. कीचकानं तिले सगळ्यायपुढं लाथ मारली. धर्मराज म्हणे, बाई, तू आत जाय, इथं नको बोलू."

"अन् थो सोता काय करे?"

"थो बसूनच राहिला. ओळख उघडी पडीन, लोक काय म्हणतीन, असं असीन."

तुझी आई कुत्र्याकडे वळली नाही. ती माझ्याकडे वळली. अखाजीनंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलली. "ऐकलं ना तुमी? थो धर्मराज होता तरी लोकं त्याच्या नावानं कुंड नाई म्हणत." एवढंच. मग खाली उतरून कुत्र्याला पाणी पाजायला गेली.

मला फार राग आला, जमुना. सहदेवाचा, कुत्र्याचा, तिचा. खोलीवर येईपर्यंत मी बडबडत होतो की माझ्या पैशाने हवा खायची आणि मलाच बोलायचं. मग माझं मलाच ऐकू येऊ लागलं आणि मी थांबलो.

फाल्गुनात तू एकटी आलीस. अकोल्याहून बडनेऱ्याला, तिथून टांग्याने, सोबतीला कोणी नाही. दिवाण नाक्यापासून तुझ्यामागे नाचत आला. मी ओट्यावर होतो. तू पाया पडलीस आणि मी तुला पहिला प्रश्न काय विचारला, तो तुला पाठ असेल. "मुराळ्याबिगर कशी आली?" पाणी पी म्हणालो नाही.

तीन वर्षांपूर्वी वामनरावांची कौशल्या अशीच नांदगावहून आली होती. तेव्हा पंचांत बसून मीच बोललो होतो की मुराळी गेल्याशिवाय लेक आली तर दुसऱ्या दिवशी उजाडताच परत पोचवावी, नाहीतर घरोघर हेच सुरू होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझ्या शब्दाचा फार अभिमान वाटला होता. कौशल्या परत गेली. ती कशी आहे, हे मी वामनरावांना आजवर विचारलेलं नाही. तू आलीस तेव्हा मला तुझ्याऐवजी ते पंच दिसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुला घेऊन निघालो आणि गाडीत तुला सांगत राहिलो, "अखाजीले मुराळी धाडतो, मंग मानानं ये." तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

आता जे लिहायचं ते लिहितो. अकोल्याला रामरावांनी मला बसवून घेतलं. तू चहा आणलास. कप ठेवताना पदर सरकला आणि तुझा उजवा हात मला दिसला. मनगटापासून वर चिमट्याचे चार डाग, एकाखाली एक. एक जुना होता, तीन ताजे. तू पदर ओढून घेतलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी कपाकडे पाहिलं. मग चहा प्यायलो आणि पार्बताबाईंना म्हणालो, चहा छान झाला आहे.

तुझ्या आईला मी शपथेवर सांगितलं की मला काही दिसलं नाही. तू तिला दाखवलं होतंस, तिने मला सांगितलं होतं, मी म्हणालो स्वयंपाकात पोरी भाजतातच. मला दिसलं होतं, जमुना. अजूनही जेवायला बसलो की दिसतं.

मग अखाजीच्या आधी रामरावांचा निरोप आला की मुराळी पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा, पण मग पोरगी कायमची न्या. मी घाबरलो. तू कायमची आलीस तर पंचांपुढे माझाच शब्द मला ऐकायला लागेल, याची भीती वाटली. तुझ्या हाताची भीती वाटली नाही. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण खरं आहे ते असं आहे.

आज सकाळी तुझ्या आईला सांगितलं की मी अकोल्याला जातो. नत्थुजीला पाठवणार नाही, मीच मुराळी. ती म्हणाली, "अन् ते नाई म्हणतीन तर?" मी म्हणालो, त्यांना विचारणारच नाही. ती उठली, भाकरी थापल्या आणि माझ्या ताटात वाढल्या. "जेवा," म्हणाली, मला. शनिवारी आम्ही उतरतो, तिला आणि कुत्र्याला वलगावला सोडतो, सोमवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्या दाराशी.

पंचांना मी माझं पाहून घेईन. जातीबाहेर टाकतो म्हणाले तर वांगी, मिरच्या जातीबाहेरच्या बाजारातही विकल्या जातात. तू आलीस म्हणजे पुढच्या अखाजीपर्यंत, की रागाचा भर ओसरेपर्यंत, असा हिशेब धरू नकोस. परत जायचं की नाही हे तू सांगायचं. कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट कर.

सामान बांधू नकोस, त्यात वेळ जाईल आणि चार माणसं मध्ये पडतील. माझ्या पाया पडू नकोस. माझ्यावर विश्वास ठेव, असं मी सांगणार नाही. एकदा मी तुला त्याच दारात परत सोडून आलो आहे. तू येत नाही म्हणालीस तर ते मी समजू शकतो, पण ते तू मला सांग, त्यांच्याकडून मी ऐकून घेणार नाही.

हे तू वाचत असशील तेव्हा मी बाहेर ओट्यावर असेन. आत बोलावलं तरी जाणार नाही, कारण आत गेलो की मी पाहुणा होतो. गाडी साडेबाराची आहे. ती चुकली तर संध्याकाळची, तीही चुकली तर उद्याची. तू बाहेर येईपर्यंत मी बसून आहे.

खुशाल