मागच्या पडवीतलं लेथ

अप्पा,

आपल्या घरात लेथ आलंय. चामराजपुरमच्या त्याच घरात, मागच्या पडवीत, जिथे तुम्ही रविवारी सायकल उलटी करून चेन धूत बसायचा, तिथे. तुम्ही असता तर आधी विश्वासच ठेवला नसता. मग चपला न घालता पडवीत गेला असता आणि माझ्याकडे न बघता, लोखंडावर तळहात फिरवत विचारलं असतं, "कुणी विकलं हे?" म्हणून तेच आधी सांगतो. नंजनगूडच्या एका छोट्या कारखान्यातलं आहे. मालक माझ्याच वयाचा. मुलं बंगळुरूला, शेड रिकामी करायची होती. कोपऱ्यात ताडपत्रीखाली हे उभं होतं. तुमच्या वर्कशॉपमधल्या मशीनपुढे अगदी लहान, गंजानं तांबडं झालेलं, सळई पकडणाऱ्या चकचा एक जबडा घट्ट बसलेला. पण त्याला पट्टा होता, जुना, चामड्याचा. मालकानं स्विच दाबला, पट्ट्याचा सांधा पुलीवरून गेला आणि टक् झालं. तुम्ही म्हणाल, बेअरिंग पाहिलंस का, स्क्रू ढिला आहे का ते हलवून पाहिलंस का. नाही पाहिलं, अप्पा. मी तो टक् ऐकला आणि हो म्हणालो.

तो आवाज माझ्या कानात शाळेपासून आहे. सुट्टीच्या दिवसांत आई तुमचा डबा माझ्या हाती द्यायची. वर्कशॉपच्या दारात उभं राहिलं की साबणाच्या पाण्याचा आणि तापलेल्या लोखंडाचा एक ओलसर वास यायचा, आणि त्या सगळ्या खडखडाटातून तुमच्या पट्ट्याचा टक् मला वेगळा ओळखू यायचा. बेळगावच्या मावशीनं पाठवलेली शाळेची जुनी मराठी पुस्तकं तेव्हा मी वाचत असे. शाळेत कन्नड कविता, घरात मराठी, आणि डोक्यात दोन्हींची सरमिसळ. तुमच्या मशीनशेजारी उभा राहून मी त्या टक्-टक्-वर कविता म्हणून बघायचो. भुजंगप्रयात बरोबर बसायचा. ओवी मात्र बसायची नाही, ती आपली रमतगमत मागे राहायची. एकदा मी अशीच एक कविता पळवत नेत होतो आणि श्वास लागला. तुम्ही मशीन थांबवलंत, पट्टा उचलून पुलीच्या मोठ्या पायरीवर टाकलात आणि म्हणालात, "तुझं पद्य फार पळतंय. आता म्हण, स्पीड कमी केलाय." शेजारचे टर्नर हसले. तुम्ही हसला नाहीत. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटली आणि ती नीट बसली. माझ्या कवितेवर कुणी इतकी चांगली सूचना नंतर कधी केली नाही.

आणि तो धपाटाही आठवतो. टूलखालून पोलादाची साल निघत होती, निळी, कुरळी, वळत वळत खाली येणारी. मी हात पुढे केला. तुम्ही मनगटावर असा फटका मारलात की डबा खाली पडला. "चांगलं दिसतं म्हणून धरायचं नसतं," म्हणालात. भाकरी जमिनीवर, चटणी तेलात. त्या दिवशी तुम्ही उपाशी राहिलात हे मला संध्याकाळी कळलं, कारण आईनं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "आज भूक नव्हती." त्याच आठवड्यात तुम्ही मला पितळेची एक नळी करून आणलीत. पेन्सिल झिजून बोटभर उरली की ती त्या नळीत बसवायची, म्हणजे पुन्हा हातात धरण्याजोगी लांब व्हायची. बाहेरून बारीक कंगोरे काढले होते, बोटं घसरू नयेत म्हणून. हायस्कूलभर मी कविता त्याच नळीनं उतरवून घेतल्या. पुढे मी हिशेबाच्या ऑफिसात गेलो. रिटायर झाल्यावर एकदा तुम्ही खिडकीपाशी बसून म्हणालात, "घरी एक लहान लेथ असतं तर वेळ गेला असता रे." मी तेव्हा नुसतं "हं" म्हटलं होतं.

आता तुमच्या सुनेचं सांगतो. तुम्ही तिला नवी नवरी म्हणून पाहिलंत, आता ती आजी झाली आहे आणि आवाज तोच आहे. टेम्पो दारात थांबला, चार हमालांनी लेथ उतरवलं, आणि ती कमरेवर हात ठेवून पायरीवर उभी.

"अय्यो, हे काय आणलंत?"

"लेथ."

"मी काय म्हणाले होते? घरात बसून बसून गंजाल, काहीतरी छंद लावून घ्या. छंद म्हणजे गुलाब असतात हो! शेजारचे बघा, गच्चीवर गुलाब लावलेत. हे स्वतःच गंजून आलंय."

मग वाटाघाटी झाल्या. तिचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर पडवीतून स्वयंपाकघरात सरकवावा लागला आणि तिथे तो रोज तिच्या पायात येऊ लागला. ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत थांबते. तोवर हे सरळ चाललं तर बघू. नाहीतर गुजरीवाल्याला देऊन टाकते." गुजरीवाला म्हणजे आपल्या गल्लीत हातगाडी घेऊन ओरडत जाणारा भंगारवाला, तुमच्या वेळीही होता, आता त्याच्या गाडीला भोंगा आहे. ती गंमत करत नव्हती. मीही मान हलवली, कारण पडवी तिची आहे हे खरंच आहे.

मग मी कामाला लागलो, अप्पा. रॉकेल, तारेचा ब्रश, जुन्या धोतरांचे तुकडे. तो अडलेला जबडा रॉकेलात भिजवून, लाकडी हातोडीनं हळूहळू समजूत घालून सोडवला. टूल धरून सरकणारं सॅडल उतरवलं तर खाली ग्रीस आणि कुंकू यांचा घट्ट थर. दर वर्षीच्या पूजेचं कुंकू, तेलात मुरून दगडासारखं झालेलं. ते खरवडताना मला वाटलं की या मशीनला कुणीतरी फार प्रेमानं बिघडवलंय. पट्ट्याला एरंडेल चोळलं. चारही पाय जमिनीत बोल्टनं घट्ट आवळले. गुडघे दुखायचे, कंबर धरायची, पण जेवणानंतर कधी एकदा पडवीत जातो असं व्हायचं. आयुष्यात इतकं तोंड मिटून काम मी कधी केलं नव्हतं.

पहिला कट घेतला. लोखंडाची एक बोटभर जाड सळई चकमध्ये धरली, टूल लावलं, साल निघाली. हात नाही लावला, काळजी करू नका. तुमचाच मायक्रोमीटर लावून पाहिलं तर एक टोक जाड, दुसरं बारीक. पुन्हा केलं. तसंच. सरळ म्हणून काही निघेचना. तुमची सून येऊन बघून गेली.

"काय केलंत? गाजर?"

दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "आज काय, मुळा?" असं रोज चाललं. मी बेअरिंगवर संशय घेतला, ती घट्ट केली. टूलला धार लावली. स्क्रू काढून धुतला. पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा मधोमध. गाजरच. इकडे शहरात दसऱ्याचे दिवे लागायला सुरुवात झाली, आणि एका सकाळी भोंगा वाजला तेव्हा मी तिला फाटकाशी बोलताना ऐकलं. "हब्ब आदमेले बा," ती गुजरीवाल्याला सांगत होती, सण झाल्यावर ये म्हणून. मी पडवीत येऊन लेथवर हात ठेवून नुसता उभा राहिलो. लोखंड गार होतं. मनात आलं, तुमच्या हातातलं माझ्या हातात काहीच उतरलं नाही, मी फक्त आवाज ऐकणारा माणूस.

पण दुपारी जेवताना एक सुचलं. पाणसळ मी लेथच्या लांबीवर ठेवली होती. आडवी ठेवलीच नव्हती. हात धुऊन तसाच गेलो, आधी एका टोकाला आडवी ठेवली, मग दुसऱ्या. एकीकडे बुडबुडा मधोमध, दुसरीकडे भिंतीच्या बाजूला पळालेला. सगळं लेथच पिळलं गेलं होतं, ओला टॉवेल पिळावा तसं, अगदी थोडंसं. म्हणजे एक पाय उंच आहे आणि मी तो बोल्टनं आवळून बसलोय. पाना घेतला आणि भिंतीकडच्या उजव्या पायाशी बसलो.

"अहो! त्या पायाला नको!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"का?"

"बाकीचे तीन उघडा की. तेवढा एक सोडा."

"पण का?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"सारखं काय का-का करताय? कावळा आहात?"

मी बोल्ट सोडला, पहारीनं तो पाय जरासा उचलला. खाली पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली एक चपटी पुडी. पंचलोह. घराची चौकट बसवताना खाली ठेवतात ती, पाच धातूंचे तुकडे, मार्केटात पूजेच्या दुकानात मिळते ती. मी टेम्पोवाल्याशी बोलत होतो तेव्हा तिनं हमालांकडून कोपरा उचलून घेतला होता आणि पुडी सरकवली होती. ती ओले हात पदराला पुसत उभी राहिली.

"भंगारात द्यायचं होतं ना तुला?" मी विचारलं.

"द्यायचं तर होतंच. पण आहे तोवर देवाचं काही नको खाली? एवढं मोठं फिरतं चाक. तुम्ही तंद्रीत कविता म्हणत उभे राहणार, बोट गेलं म्हणजे?"

 मग मी तिला समजावलं की या पुडीमुळे लेथ वाकडं बसलंय, म्हणून गाजरं होतायत. तिनं नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाली, "मग चारी पायांखाली ठेवू. आणखी तीन पुड्या आणते." अप्पा, मी जमिनीवर बसून इतका हसलो की तिला आधी राग आला, मग तीही हसायला लागली. पुडी आम्ही स्टँडच्या खणात ठेवली. पायाखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवत, दोन्हीकडचे बुडबुडे मधोमध आणत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी कट घेतला. या टोकाला मायक्रोमीटर लावला, त्या टोकाला लावला. सारखं. मी पुन्हा लावला. सारखं. तिला हाक मारली. तिनं ती चकचकीत सळई हातात फिरवून पाहिली. "हं, आता लाटणं दिसतंय," म्हणाली. पण ग्राइंडरचं आणि गुजरीवाल्याचं विचारलं तर एवढंच, "सण होऊ दे. मग बघू."

आज आयुधपूजा. सकाळी आम्ही दोघांनी लेथ पुसलं. भस्माचे पट्टे आणि कुंकू फक्त बाहेरच्या अंगाला लावू दिलं, आतल्या घासत्या भागाला नाही, त्यावरून थोडं वाजलं. चकच्या जबड्यात तिनं झेंडूचं एक मोठं फूल खोचलं, नारळ फोडला, आरती ओवाळली. या दिवशी हत्यारांना विश्रांती, हे तुम्ही किती कडक पाळायचा ते मला ठाऊक आहे. आई त्या दिवशी विळीसुद्धा आडवी करून ठेवायची. दुपारी तुमची सून तांबूल घेऊन शेजारी गेली. घर शांत. मी पडवीत लेथसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. उद्या-परवा हे इथे असेल की नसेल, कोण जाणे, असं मनात येत होतं. मग मी उठलो आणि स्विच दाबला. कापायला काही नाही, नुसतं रिकामं. चार-दोन टक् ऐकायचे होते. झेंडूचं मी साफ विसरलो होतो. ते सुटलं आणि माझ्या कानाजवळून उडून दाराच्या उंबऱ्यावर जाऊन पडलं. मी घाबरून बंद केलं. पट्टा थांबतोय तोवर फाटक वाजलं.

ती आत आली आणि उंबऱ्यापाशी थबकली. फूल तिच्या उजव्या हाताला पडलं होतं. आपल्याकडे देवाच्या उजव्या बाजूचं फूल पडलं की होकार समजतात, तुम्हाला सांगायला नको. तिनं वाकून ते उचललं, डोळ्यांना लावलं. "नोडि, बघा," मला म्हणाली, अगदी हळू आवाजात, "उजवीकडे दिलंय. बघितलंत?" मी म्हटलं, बघितलं. तिनं ते केसांत खोचलं, स्वयंपाकघरात गेली, आणि आतून म्हणाली, "परवा तो गुजरीवाला आला तर सांगा, आमच्याकडे द्यायला काही नाही. आणि ग्राइंडरला त्या खिडकीखाली एक फळी करून द्या, एवढं मशीन आणलंय तर."

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इतकं लिहिलं. तिला मी स्विचचं काही सांगितलेलं नाही, अप्पा. तिकडे आईलाही बोलू नका. दोघींचं फार जमायचं.