जाहीरनाम्यातलं पहिलं कलम

कसबे हिंगळगाव, जि. उस्मानाबाद
कार्तिक वद्य ५, शके १८६८

चि. सौ. मथुरास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण साठीला टेकल्यावर मी एक नसता उद्योग अंगावर घेतला आहे. आमच्या बलदियेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, अध्यक्षाची निवडणूक आहे आणि छापखानेवाले जैनोद्दीन यांनी परस्पर माझा अर्ज भरून टाकला. तीस वर्षं शाळेत पोरं हाकली, आता गाव हाका म्हणाले. दिवसभर लोकांच्या ओसरीवर बसून चहा प्यावा लागतो. पित्तानं जीव नको झाला आहे.

जाहीरनाम्यात चार कलमं घातली आहेत. पहिलं बारवेचं. तिच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या आणि वर रहाट बसवायचा. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात घागरी बुडवतात. नारू झालेले पाय त्याच पाण्यात, आणि घरोघर प्यायलाही तेच. तुझ्या वहिनीच्या पोटरीतला नारूचा किडा रोज काडीला गुंडाळताना मधेच तुटला, तेव्हापासून ती लंगडते, हे तू दिवाळीत पाहिलंसच. बाकीची कलमं म्हणजे चौकातले कंदील, बाजारातली गटारं आणि बायकांसाठी आडोशाची जागा.

तुझ्या विमलसाठी इथल्या पोस्टातल्या कारकुनाचं जे स्थळ सुचवलं होतं, त्याची चौकशी केली. मुलगा निर्व्यसनी, सासू गरीब स्वभावाची. घर मात्र बारवेच्याच गल्लीत आहे. काय ते कळव.

मुलांना आशीर्वाद. म्हाताऱ्या भावावर लोभ आहे तो राहू दे.

तुझा,
अंबादास


तुळजापूर
मार्गशीर्ष शुद्ध २

तीर्थस्वरूप दादांस,
मथुराचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बाराखडी चुकली की तुम्ही माझा कान पिळायचात. आता अख्ख्या गावाचे कान तुमच्या हाती येणार म्हणून मला हसू आलं. पण चहा कमी करा आणि सकाळी सुंठ घ्या.

इकडे हे सांगत होते, की मत फक्त घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांना आहे. म्हणजे ज्यांना मत आहे त्यांनी जन्मात घागर उचललेली नाही, आणि जी घागर उचलते तिला मत नाही. दादा, तुमचं पहिलं कलम वाचून कोण मत देणार, हीच काळजी वाटते.

स्थळ आम्हाला पसंत आहे. पण मी आई आहे, स्पष्टच लिहिते. तुमच्या गावात नवी सून हळदीच्या पायांनी बारवेत उतरते आणि तिथलंच ओंजळभर पाणी पिते. शामलावहिनी तशाच उतरल्या होत्या. पुढे रोजचं पाणी आलंच. पायऱ्या बंद होणार असतील तर मी पोर देते, नाहीतर नाही. ह्यांनी सगळं तुमच्यावर सोपवलं आहे. तुम्ही शब्द दिलात की सुपारी फोडू.

वहिनींना नमस्कार. रागावू नये, माया करावी.

आपली,
मथुरा


कसबे हिंगळगाव
मार्गशीर्ष वद्य ३

चि. सौ. मथुरास,
आशीर्वाद. वि. वि.

नऊ मतांनी निवडून आलो. आडतवाले माणिकप्पा स्वतः हार घेऊन आले होते. लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं, त्यात कंबर धरली. आनंद व्हायला हवा होता, पण नुसता थकवा आला आहे. जैनोद्दीन तेवढे आले नाहीत. त्यांना काम असेल.

सुपारी फोडायला हरकत नाही. फाल्गुनातला मुहूर्त पाहावा. गावातली कामं यथावकाश होतीलच.

जास्त लिहवत नाही. लोभात अंतर नसावं.

तुझा,
अंबादास


तुळजापूर
पौष वद्य १

तीर्थस्वरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

शाकंभरीचं नवरात्र काल संपलं. आमच्याकडे उतरायला तुमच्या गावच्या हरणाबाई आल्या होत्या. देवीच्या ओटीचं खण-नारळ त्यांनी एका कागदात गुंडाळून आणलं होतं. कागद मी सरळ केला तर तो तुमचा जाहीरनामा निघाला.

तो मी तीनदा वाचला. पहिलं कलम चौकातल्या कंदिलांचं आहे. एकंदर कलमं तीनच. बारवेचं नावसुद्धा कुठं नाही.

अक्षर ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत, म्हणून हे मला कळलं. यांना मी काही बोललेले नाही. सुपारी फुटली आहे. आता मोडली तर पोरीच्या नावाला बोल लागेल, आणि नाही मोडली तर तिचा पाय जाईल. मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. विमल तिकडे रुखवताचे रुमाल विणते आहे.

दादा, तुम्ही तिचे मामा आहात आणि त्या गावाचे अध्यक्षही. पोर पाठवू की नको, एवढंच लिहा. तुम्ही सांगाल तसं करीन.

माझा राग आहे, पण लोभही आहे.

मथुरा


कसबे हिंगळगाव
पौष वद्य ८

चि. सौ. मथुरास,
अनेक आशीर्वाद.

तू पाहिलास तो कागद खराच आहे. पहिल्या छपाईत बारव होती. बारव माणिकप्पांच्या पणजोबांनी बांधलेली. ते येऊन म्हणाले, की पायऱ्या बुजवणं म्हणजे आमच्या घराण्याचं नाव बुजवणं. तेवढं कलम काढा, म्हणजे अख्खी गल्ली तुमची. मी काढलं. निवडून आल्यावर हळूच पुन्हा घालू, अशी मनाची समजूत घातली. जैनोद्दीन म्हणाले होते, की मास्तर, बारव गेली तर राहिलं काय, कंदीलच ना, त्यांच्या उजेडात लंगडणारे लई दिसतील गावात. त्यांनी छापून दिलं आणि बोलणं टाकलं.

परवा बैठकीत मी बारवेचा विषय काढला. सभासदांनी जाहीरनामाच पुढं ठेवला आणि विचारलं, की हे तुम्ही कुठं कबूल केलंय. खाली बसलो.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिला वाचता येत नाही. पहिला मसुदा मी मोठ्यानं वाचला होता, तो तिनं लक्षात ठेवला होता. निवडणुकीआधी पंधरा दिवस ती रोज बारवेवर बायकांना सांगत होती, की मास्तर पायऱ्या बंद करणार, नारू जाणार. त्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना चावडीवर मत द्यायला पिटाळलं. माणिकप्पांच्या गल्लीतून मतं आली का, देव जाणे. ती नऊ मतं मात्र बारवेवरून आली, मथुरा. मी जे कलम खोडलं, त्याच कलमावर निवडून आलो. आता बायका रोज हिला विचारतात, की काम कधी लागणार.

बारवेचा विषय मी दर बैठकीत काढणार आहे. हसले तरी काढीन. पण त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, आणि त्या भरवशावर पुन्हा शब्द देणार नाही. मुलाच्या वडिलांकडे काल जाऊन आलो. स्थळ मामाकडून मोडलं, मुलीत काही खोट नाही, असं चार माणसांसमोर सांगितलं. बोल लागला तर मला लागू दे.

विमलला या गावात देऊ नकोस. या गावाचा अध्यक्ष म्हणून सांगतो.

पत्र संपवत होतो तेव्हा वहिनीनं विचारलं, की मथुराला काय कळवलंत. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, की बरं केलंत. मग तिनं घागर उचलली आणि लंगडत पाण्याला गेली.

लोभ करावा असं लिहायला आज हात धजत नाही. तूच ठरव.

तुझा,
दादा